चिंगीचा पाय जागा होता

पहिल्या भेटीतच मी त्याला रडवलं... कांद्यानं.

झालं असं, की चोपड्याजवळच्या आमच्या केळीच्या बागेत रानडुकरानं चिंगीचं पोट फाडलं. चिंगी म्हणजे माझी कुत्री, माझा जीव की प्राण. डॉक्टर प्रशील शेजारच्या बन्सीलालभाऊंची म्हैस बघायला आला होता. मी त्याला हाताला धरून ओढतच आणलं; माझे वडील, आबा, मागून "कामिनी, हळू!" म्हणून ओरडत होते.

बाजेवर निजवून त्यानं तिला भूल दिली. चिंगीची मान लुळी पडली. मग या पठ्ठ्यानं तिच्या पंजाला चिमटा घेतला, तर पाय झटकन मागे! मला वाटलं, फीट आली. धावत जाऊन कांदा फोडला, तिच्या नाकाशी धरला. चिंगी ढिम्म. वाकलेल्या डॉक्टरच्या डोळ्यांतून मात्र धारा.

"कामिनीताई, अहो, फीट नाही ही."

"ताई नका म्हणू."

"बरं... कामिनी. तिचा मेंदू झोपलाय, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जागा आहे. मेंदूला न विचारताच तो पाय ओढून घेतो."

"म्हणजे तिला दुखलं नाही?"

"नाही. पण एवढ्या भुलीवर टाके नाही घालता येत. औषध वाढवावं लागेल. जास्त झालं, तर श्वासही..."

मी चिंगीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "वाढवा."

औषध वाढलं. पुन्हा चिमटा... पाय गप्प. तो टाके घालू लागला. चिंगी जिवंत आहे का, हे विचारल्यावाचून आबांना राहवेना. "जित्ती शे ना?"

"शे, आबा," तो आमच्याच बोलीत म्हणाला. तिथेच मला तो आवडला, सरळ सांगते.

टाके संपले तरी चिंगी उठेना.

"आता चिमटा तुम्ही घ्या," तो म्हणाला.

घेतला. काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा घेतला... आणि बोटं आखडली, पाय हळूच मागे सरकला!

"उठली?"

"अजून नाही. तिला काहीच कळत नाहीये."

मी बघतच राहिले. चिंगी अजून गाढ झोपेत, आणि तिचा पाय तिला जपत होता! हे कुणी शिकवलं असेल त्याला? माझ्या अंगावर काटा आला. त्याच्याकडे पाहिलं, तर इतक्या जनावरांचा डॉक्टर, तोही माझ्यासारखाच थक्क होऊन बघत होता.

मग पापणी फडफडली. चिंगीनं माझं बोट चाटलं, आणि मी आबांसमोर हमसून हमसून रडले.

निघताना तो म्हणाला, "उद्या येतो."

"टाके लगेच उद्या बघतात?"

"नाही..."

"मग?"

"तुम्हाला भेटायला."

"मग सकाळीच या," मी म्हटलं, "दिवस मोठा मिळेल."