हस्तबंध

टेबलावरचा टोमॅटो मुठीएवढा झाला होता, तरी हिरवागार. सोलापूरच्या बीज-प्रयोगशाळेत डॉ. तबस्सुम मुलाणींनी त्याला पक्ववायूच्या पेटीतही ठेवून पाहिलं होतं. त्या वायूच्या नुसत्या झुळकीने केळी काय, आंबे काय, निमूट पिकतात. हा पठ्ठ्या ढिम्म.

"तुमच्या यजमानांसारखाच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाचं ऐकत नाही."

ऋजुता हसली. हेरंब गेल्यापासून त्याच्यावरचा विनोद तिच्यासमोर कुणी करत नसे, आणि तिला नेमकी त्याचीच भूक होती.

"मला फक्त बी हवंय, डॉक्टर. फळ पिकत नाही तोवर बी तयार होत नाही. उन्हाळ्यात झाडं जातील. आयुष्यभर गच्चीवर खपून केलेलं वाण त्याचं, आणि होतं नव्हतं ते बी यंदा पेरून बसला. ही झाडं गेली की संपलं."

ऊन वाढलं, भाज्या सोन्याच्या झाल्या आणि गच्च्यांवर चोऱ्या सुरू झाल्या, तेव्हा हस्तबंध वाणं निघाली होती. लावणाऱ्याचा हात लागल्याशिवाय फळ पिकणार नाही. हिरव्या टोमॅटोचीही चटणी करणारे आपण लोक, म्हणून हिरवेपणी ते कडू जहर राहील अशीही तजवीज होती. हेरंबने आपलं वाण याच प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताशी बांधून घेतलं होतं.

"शर्वाणी येऊन राहिली, रोज झाडांवरून हात फिरवला. पोटची पोर त्याची. पण काही नाही."

"रक्ताचा संबंधच नाही, ताई. टोमॅटोच्या देठावर लव असते ना, बोटं हिरवी-पिवळी करते ती? ती लव आपला तळवा वाचते. तळव्यावर जिवाणूंची अख्खी सूक्ष्मवस्ती असते, प्रत्येकाची मांडणी निराळी. ओळखीची वस्ती रोज लागत राहिली की झाड फळाला पिकायची परवानगी देतं. नाहीतर बाहेरून कितीही वायू सोडा, कडी आतून लागलेली. आणि ही वस्ती जन्माने मिळत नाही, सहवासाने मिळते. शर्वाणी इतकी वर्षं परदेशात..."

डॉक्टर मध्येच थांबल्या.

"तुम्ही लावलात हात?"

"मी? छे. माझा हात जड आहे. सासूबाई म्हणायच्या, हिने तुळस लावली तर तीही जळेल. जळली की. हेरंब मला बागेत खुर्चीवर बसू द्यायचा, तेवढंच." समोरचा टोमॅटोही तिने चिमट्याने तोडून, रुमालात गुंडाळून आणला होता.

"हात जड असतो हे मी तरी कुठल्या शोधनिबंधात वाचलेलं नाही. बरं, एका चादरीत किती वर्षं झोपलात?"

ऋजुता आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गच्चीवर गेली. तापल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिने एकेका देठावरून हात फिरवला. बोटं पिवळी झाली. तो तिखट, हिरवा वास आला. हेरंबच्या सदऱ्यांना यायचा तोच. मग ती रोज जाऊ लागली आणि एका सकाळी एका फळाचं बूड तिला किंचित केशरी दिसलं. ऊन पडलं असेल म्हणून तिने सावली धरली. केशरी तसंच राहिलं.

पुढे रंग बुडाकडून वर चढत गेला, फळामागून फळ. ती खुर्ची ओढून बघत बसली. स्मशानात पोचवलेल्या माणसाची वस्ती आपल्या तळहातावर नांदते आहे, आणि ते आपल्याला ठाऊक नव्हतं. या झाडांनी हात लागताच ओळखलं. तिला रडूही आलं नाही, इतकं ते मोठं होतं.

बी धुऊन, राखेत घोळून वाळवलं. डॉक्टर बघायला आल्या, पण खुशीत नव्हत्या.

"एक सांगायला हवं, ताई. आता तुम्ही एकट्या. नवी भर पडणार नाही, जुनी वस्ती विरत जाईल. पुढच्या वर्षी झाडं उगवतील, पण तुम्हाला ओळखतील असं नाही."

"म्हणजे तो परत एकदा जाणार."

"हो."

तिने तरीही पेरलं. डॉक्टर आधी नमुने घ्यायला येत, मग झाडं बांधायला, मग नुसत्याच. शेंगांच्या चटणीवर, सुनांवर, सरकारवर गप्पा मारत दोघी देठ सुतळीने काठीला बांधत. फळं धरली. आणि लालही झाली.

तळव्यांचे नमुने तपासून डॉक्टर गच्चीवर आल्या.

"कमी झाला का तो?" ऋजुताने विचारलं.

"वाढलाय. तो झाडांवर आहे, ताई. पानांवर, देठांवर, बियांच्या सालीवर. त्यांनी हात लावला, झाडांनी ठेवून घेतलं. तुम्ही हात लावलात, तुम्हाला परत दिलं." त्यांनी हातातल्या यंत्राचा पडदा तिच्यापुढे धरला. "आणि हे बघा. तुलनेसाठी कुणा परक्याचा नमुना हवा म्हणून मी माझा दिला होता. तुमच्या यजमानांना मी दोनदा भेटले असेन, तेही कामापुरती. आणि माझ्या तळव्यावर ही त्यांची वस्ती."

ऋजुता पडदा बघत राहिली.

"आम्ही कुलूप बनवलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "एकदा येऊन ओरबाडणाऱ्याला ते बंदच आहे. पण रोज येणाऱ्याला झाड स्वतःच किल्ली देतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही."

खाली चहा उकळला होता. डॉक्टर सवयीने हात धुवायला मोरीत गेल्या आणि नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या.

"धुवा हो," ऋजुता म्हणाली. "इतक्यात नाही जात तो."