सतरावी मेणबत्ती

रसायनशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाच मी आठवड्यातले तीन दिवस सुगंधी मेणबत्त्यांच्या एका कार्यशाळेत परीक्षक म्हणून काम करते. पुढे जे सांगणार आहे ते याच कामातून उद्भवले, म्हणून आधी कामाची रीत सांगणे योग्य ठरेल.

आमच्या मेणबत्त्या जाड काचेच्या पेल्यांत ओतलेल्या असतात, आणि ज्या घरांत त्या जळतात तिथे उजेडाची कमतरता नसते. अंजिराचे पान, ओले देवदार, जुने वाचनालय असे त्यांचे सुगंध. नवा नमुना बंद खोलीत चार तास जाळायचा, मग परीक्षकाने बाहेरून आत जायचे, दोन श्वास घ्यायचे आणि बाहेर येऊन नोंद करायची. आत बसून राहायचे नाही. जो वास सतत सोबत असतो तो नाकाला थोड्याच वेळात जाणवेनासा होतो. दोन नमुन्यांच्या मध्ये आम्ही स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगतो. स्वतःचा वास हे आमचे शून्य.

माझी आत्या गेल्या वर्षअखेरीस कार्यशाळेत आली ती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा छातीशी धरून. सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, “एवढं शिकलीस आणि शेवटी मेणबत्त्याच हुंगतेस होय?” मग खुर्चीवर बसली आणि डबा मांडीवर ठेवला.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पुस्तकबांधणी करत. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. डब्यात त्यांचा कामाचा अ‍ॅप्रन होता. आत्या त्या वर्षात दोनदा जिन्यावरून पडली होती, त्यामुळे तिच्या मुलीने, माझ्या ताईने, तिला आपल्या घरी नेण्याचा आग्रह धरला होता. आत्या नाही म्हणत नव्हती, पण पाऊलही उचलत नव्हती. इथून गेले तर तो इथेच राहील, असे तिचे म्हणणे. अ‍ॅप्रनचा वास उडून गेला आहे, डबा कितीदाही उघडला तरी काही येत नाही. तो वास मेणबत्तीत उतरवून दिलास तर मी जाईन, असे तिने मला सांगितले.

ती गेल्यावर मी डबा उघडला. वास उडालेला नव्हता. पुस्तके चिकटवायची खळ, चामडे, जुना कागद आणि खळीला बुरशी लागू नये म्हणून ते घालत त्या लवंगतेलाचा वास इतका ताजा आला, की क्षणभर मला त्यांची सवयच ऐकू आली. हातात कोणतेही कागद आले, मग ते पुस्तकाचे असोत वा विजेच्या बिलाचे, ते टेबलावर तीनदा आपटून आधी त्यांच्या कडा जुळवीत, मगच बोलत. वयोमानाने आत्याचे नाक मंदावले असावे, अशी मी नोंद केली.

सोळा नमुने फसले. सतरावा हुंगून कार्यशाळेच्या मालकीणबाई म्हणाल्या, “हा माणूस मला माहीत नाही, पण याचे हात खडबडीत असणार.”

मेणबत्ती आणि डबा घेऊन मी एका सकाळी आत्याकडे गेले. खिडक्या लावल्या, बैठकीच्या खोलीत मेणबत्ती पेटवली आणि नियमाप्रमाणे आम्ही दोघी स्वयंपाकघरात थांबलो. तेवढ्यात ताई आली. ती उंबऱ्यातच थबकली. तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

“बाबांचा अ‍ॅप्रन कोणी बाहेर काढला?” तिने हळूच विचारले.

अ‍ॅप्रन डब्यात होता आणि डब्याचे झाकण बंद होते. मी आत्याला हात धरून आत नेले. तिने डोळे मिटून दोन श्वास घेतले.

“मला काहीच येत नाही गं.”

मी हा प्रयोग अर्धवट सोडू शकत नव्हते. पिशवीत एकेका घटकाचा वास लावलेल्या कागदाच्या पट्ट्या होत्या. लवंगतेलाची पट्टी तिने तत्काळ ओळखली. चामडेही ओळखले आणि खळीला तर तोंड वाकडे केले. तिचे नाक शाबूत होते. सगळे सुटे सुटे येत होते. एकत्र झाले, की तिच्यासाठी नाहीसे होत होते.

तेव्हा एकच शक्यता उरत होती, आणि ती मी पुरेशी सावध भाषा वापरूनच मांडली. कदाचित तो वास या घरात इतका मुरला असेल, की तिच्या नाकाने तो वगळला असेल. मोकळ्या हवेत अर्धा तास बसलो तर येईल. ताई म्हणाली, “मग तुला आणि मला एरवी या घरात तो का येत नाही?”

आम्ही फाटकाबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. चांगले ऊन होते. अर्ध्या तासाने मी मेणबत्ती आणून आत्याच्या नाकाशी धरली. ताईने तोंड फिरवले, तिला ते सहन होईना. आत्याने मान हलवली.

“इथेही नाही?”

“नाही.” आणि मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तिने आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. “म्हणजे तो घराला चिकटलेला नाही तर… मी उगीच अडून बसले. चल, सामान बांधू या.”

ताईने आणि मी एकमेकींकडे पाहायचे टाळले.

आठवड्याभरात आत्या ताईकडे राहायला गेली. निघताना तिने मेणबत्ती माझ्या हातात ठेवली. “मला हिचा काय उपयोग? तू ने. तुझं काम आहे ते.”

मी ती माझ्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर, झाकण लावून ठेवली. तीन आठवड्यांनी नोंदी पूर्ण करायच्या म्हणून झाकण काढले. वास नव्हता. मी कोपर हुंगले, मग मेणबत्ती हुंगली. दोन्हींत काही फरक नव्हता. सुगंधद्रव्ये उडाली असावीत असे वाटून मी ती कार्यशाळेत नेली. मी ती मालकीणबाईंपुढे धरताच त्यांनी मान मागे केली. “जरा लांब धर. पहिल्यापेक्षा उग्र झाली आहे.” मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “आणि तुझ्या ओढणीलाही येतोय.”

त्या दुपारी मी आत्याला फोन केला. मी काही विचारण्याआधीच ती बोलू लागली. काल तिने सहज डबा उघडला होता.

“दोन वर्षांत पहिल्यांदा वास आला गं मला… भरभरून आला.” ती पुढे म्हणाली. “म्हणजे आता तो माझ्याजवळ नाही, असंच ना? तूच सांगितलं होतंस.”

असे काही सिद्ध होत नाही, हे मी तिला समजावले. ती ऐकत होती की नाही, कळले नाही.

“तुझे ते प्रबंधाचे कागद असतात ना, इकडेतिकडे पसरलेले,” ती म्हणाली. “तेवढे बघ.”

खोलीवर परतून मी पाहिले. सकाळी पसरलेली दोनशे अकरा पाने टेबलाच्या मधोमध एकावर एक होती, चारही कडा जुळलेल्या. मीच ती नकळत आवरली असतील, हे मला नाकारता येत नाही. म्हणून त्या दिवसापासून मी बाहेर पडताना ती मुद्दाम विस्कटते, दाराला कुलूप लावते आणि परतल्यावर नोंद करते. आजवर एकोणीस नोंदी झाल्या आहेत.

पाने विस्कटलेली मला अजून एकदाही सापडलेली नाहीत.