बुदैयाच्या ओहोटीत

“पैर मत उठाइए! घसीटके चलिए, घसीटके!”

गुडघाभर पाण्यात उभी असलेली सुनीता दचकली. तिने वळून पाहिलं. पँट दुमडलेला एक उंच, सावळा तरुण हात हलवत ओरडत होता.

“क्यों? समुंदर आपका है?”

“समुंदर नहीं, पैर आपके हैं! रेत में काँटेवाली मछली सोती है!”

सुनीताला हसू आलं. ती बहारीनला, मनामा शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायची आणि सहा महिने मुलांना तिथल्या खजुराच्या बागा, भरती-ओहोटी सगळं फळ्यावरच काढून दाखवत होती. शेवटी कंटाळून या शुक्रवारच्या सुट्टीत ती आणि गुदैबिया भागातल्या फ्लॅटमध्ये तिच्यासोबत राहणारी मैत्रीण सायरा बसने बुदैया गावाला आल्या. बागांच्या कडेने, पाटाच्या थंड पाण्यात पाय बुडवत दोघी किनाऱ्यावर पोचल्या. सायरा चटई टाकून बसली. सुनीता मात्र सलवार वर खोचून थेट पाण्यात शिरली होती. मासे अडकवायला खजुराच्या काठ्यांचं कुंपण घातलेलं असतं, ते तिला जवळून बघायचं होतं.

तिला हात द्यायला तो पुढे झाला. नजर पाण्यावर हवी होती, ती होती तिच्यावर... आणि पाऊल उचललं त्यानेच.

“आये गे! मेलंय गे मेलंय!”

सुनीता थक्क झाली. “अहो— तुम्ही मालवणचे?”

“देवबागचो,” दात आवळून तो म्हणाला. “तुमी?”

“वेंगुर्ल्याची!”

“मगे इतको येळ हिंदी कशाक झाडीत होतास?”

हसावं की घाबरावं, तिला कळेना. त्या काटेवाल्या माशाचा, पाकटाचा काटा त्याच्या डाव्या पायात रुतला होता आणि पाण्यात रक्ताची रेघ पसरत होती. सुनीता आणि सायराने त्याला दोन्हीकडून धरून रस्त्यावर आणलं. त्याचं नाव दत्तप्रसाद. गोदीत वेल्डर होता. त्याची पिकअप समोरच उभी होती, पण त्या पायाने क्लच दाबणं शक्य नव्हतं. नमाजाची वेळ, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही. सायराला तर सायकलसुद्धा येत नव्हती.

“मला गाडी येते... थोडीशी,” सुनीता पुटपुटली. “पण लायसन्सच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झालेय.”

वेदनेने पांढरा पडलेला तो हसला. “मग आज पास व्हा, बाई.”

सायरा मागे हौद्यात चढली आणि डोळे मिटून दुआ पुटपुटू लागली. पिकअप दोन गचके खाऊन निघाली.

“स्टिअरिंग इतकं घट्ट का धरलंय? पळून नाही जायचं ते.”

“तुम्ही बोलू नका!”

“बोललो नाही की जास्त दुखतं.”

तिने चोरून पाहिलं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. “बरं... बोला. काहीही बोला.”

“तुमच्या गालाला चिखल लागलाय.” तो जरा थांबला. “शोभतोय.”

गाडी बंद पडली! तोवर ते हमरस्त्याला लागले होते, मागून हॉर्न वाजायला लागले.

“बघा! तुमच्यामुळे—”

“माझ्यामुळे गाल लाल झाले, असं म्हणा की.”

पुढे मोठा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक होता. टेस्टमध्ये दोन्ही वेळा ती इथेच नापास झाली होती. गाड्या गरगर फिरत होत्या. शेजारी दत्तप्रसाद एकाएकी गप्प झाला. त्याचे डोळे मिटत होते, मान कलत होती.

“अहो! झोपायचं नाही! ऐकताय ना?” ती ओरडली. आणि पहिला गियर टाकून, फट दिसताच, तिने गाडी आत घातली... फिरवली... आणि अचूक बाहेर काढली. सायराने मागून टपावर थाप मारली, “शाब्बास! यल्ला, चल!”

हॉस्पिटलच्या दारात पिकअप थांबली. सुनीताच्या आतून काहीतरी उसळून वर येत होतं. मी आणलं त्याला, मी!

पाय बरा झाला. मग दर शुक्रवारी तो गुदैबियाला यायचा आणि बुदैयाच्या बागांमधल्या रिकाम्या रस्त्यांवर तिला गाडी शिकवायचा. पहिले काही शुक्रवार सायरा सोबत असायची. मग तिचं डोकं दुखायला लागलं— नेमकं शुक्रवारीच! दत्तप्रसाद पुष्कळ बोलायचा. पण बोलणं मनातल्या गोष्टीपाशी आलं, की घसा खाकरून क्लचवर घसरायचा.

मेमध्ये सुनीता पास झाली. टेस्टच्या फाटकातून ती जवळजवळ धावतच बाहेर आली. तो भर उन्हात उभा होता.

“झाले! पास झाले!”

त्याचा चेहरा फुलला... आणि हळूच उतरला. “मग आता शुक्रवारी मी नको यायला?”

“शिकवायला नको.”

“मग?”

तिचं काळीज धडधडत होतं. राउंडअबाउटपाशी धडधडलं होतं, त्याहून जास्त. पण थांबेल ती सुनीता कसली!

“मला मागणी घालायला या.”

तो दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, “शुक्रवारपर्यंत कशाक थांबू? घातली!”

“इतक्यात?”

“घातली, बाई! तुमी होय म्हणा!”

तो इतक्या मोठ्याने ओरडला, की फाटकावरचा पोलीस वळून बघायला लागला. सुनीताने त्या पोलिसाकडे पाहून खुशाल हात हलवला. आणि दुसरा हात, भर रस्त्यात, दत्तप्रसादच्या हातात दिला.

“होय!”