चार बोटांची जखम

हेमकांतला पुन्हा शिंक आली, आणि दुसरा एक्स-रेही हलला.

"हलू नका म्हटलं होतं ना?" एक्स-रे काढणारी चेतना काचेआडून बाहेर आली.

"मी कुठे हललो? ही तुमची नंदुरबारची मिरची हलवते..."

मागच्या मैदानात मिरच्या वाळत होत्या. त्यांचा झोंबरा वास खिडकीतून आत येत होता. चेतनाने खिडकी लावली, तोंड फिरवून हसली. तिसरा फोटो नीट आला.

हेमकांत धडगावच्या शाळेत शिक्षक होता. वय एकतीस. करोनात घ्याव्या लागलेल्या औषधांनी त्याच्या खुब्याचं हाड निकामी झालं, आणि महिन्यापूर्वी सुरतेला छोट्या छेदातून नवा सांधा बसवला होता.

मग तो येतच राहिला. कधी पाकीट विसरलं म्हणून, कधी नुसताच... खालच्या टपरीवर दोघांचा चहा व्हायचा. 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि बोलणं अहिराणीवर आलं.

"जखम केवढी शे?" तिने एकदा विचारलं.

"चार बोटं." त्याने हळूच तिचीच चार बोटं मोजली.

तिचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "एवढीशी जखम, आन् एवढी काठी? म्हातारा दिसस तू!"

डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं — छेद वरून लहान, पण आत हाडात लांब दांडा ठोकलाय. हाड त्याला घट्ट धरेपर्यंत काठी सोडायची नाही. पडलात, तर दांड्याभोवतीच फुटेल. चेतनाला तर हे त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी ती बोलून गेली, लाडात.

पुढच्या गुरुवारी तो काठीशिवाय आला. रस्त्यापलीकडूनच त्याने दोन्ही हात उंचावून दाखवले, आणि दारात उभी असलेली चेतना खुशीत हसली. पायऱ्या नुकत्याच पुसल्या होत्या. दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय सटकला.

फोटो तिलाच काढावा लागला. दांड्याभोवती गोल फिरत खाली उतरलेली चीर...

"काय दिसतंय?"

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. पण त्याने तिचा चेहरा पाहिला होता.

दुसरी शस्त्रक्रिया छोटी नव्हती. मांडीभर टाके, आत धातूची पट्टी आणि तारा. पाय इंचभर आखूड झाला, धडगावच्या शाळेतली नोकरी सुटली. प्रकाशा गावातल्या आपल्या घरी तो चार महिने खाटेवर होता. चेतना दर रविवारी जायची. त्याची आई, शोभाबाई, तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही.

एका रविवारी शोभाबाई शेतात गेलेली असताना चेतनाला राहवलं नाही. "मन्ही चूक शे. माले सगळं माहीत होतं, तरी मी तुले काठीवरून हसले..."

"काठी मी टाकली, चेतना. तुन्हा काय दोष?" तो कोपरावर रेलून उठला. "पण मग या रविवारी-रविवारी... तू त्या चुकीपायी येत होतीस?"

"नाही रे! तू आवडतोस म्हणून —"

"असेल. पण आता तू दारात दिसलीस की प्रेमानं आलीस का त्या चुकीपायी, हेच मी शोधत बसेन. आणि तुलाही सांगता येणार नाही." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी सुरतेला जातोय, ताईकडे. तू... येऊ नकोस."

ती उठली. उंबऱ्याशी पोचली, तेव्हा तो म्हणाला, "माले तू खूप आवडस. हे खरं शे."

तिला मागे वळता आलं नाही.

फाट्यावर नंदुरबारची गाडी थांबली. कंडक्टरने दोनदा विचारलं. चेतनाने नाही म्हणून मान हलवली, आणि गाडी गेल्यावर ती तिथल्या बाकावर बसून मोकळेपणी रडली.