रिकामी!

शहराने जुन्या लांबलचक टॅक्स्या मोडीत काढून कमी इंधनात पळणाऱ्या आखूड गाड्या आणायचं ठरवलं, तेव्हा माझ्या वाट्याला एका शब्दाची नोकरी आली. जुनी टॅक्सी आवारात आली की तिची चारही दारं उघडायची, सीटखाली हात घालायचा, डिकी बघायची आणि मोठ्याने ओरडायचं, ‘‘रिकामी!’’ मग क्रेनवाला ती उचलून दाबयंत्रात ठेवायचा आणि थोड्या वेळात टॅक्सीची पत्र्याची पेटी होऊन बाहेर यायची. एवढ्यासाठी आमच्या खात्याला पदवीधर लागतो.

सगळ्या टॅक्स्या येऊन गेल्या. राहिली एकच, माझ्या सासऱ्यांची.

‘‘बाबांची गाडी तेवढी जमा करून दाखवा, मग साहेब म्हणेन,’’ बायको चहा गाळता गाळता म्हणाली.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी सासरे आपणहून आले. गाडी पुसून लख्ख, अंगात इस्त्रीचा शर्ट. मीटरची दांडी मात्र खाली पाडलेली. दांडी खाली म्हणजे आत पॅसेंजर आहे, आणि पॅसेंजर असलेल्या टॅक्सीला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला कायदा.

‘‘बाबा, मीटर वर करा. गाडी जमा करायचीय.’’

‘‘मागे बाई बसल्यात. दिसत नाहीत का?’’

दिसत नव्हत्या.

‘‘कुठे उतरणार आहेत?’’

‘‘अजून बोलल्या नाहीत. मीही घाई करत नाही. आजवर एकाही पॅसेंजरला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही, जावईबापू. तुमच्या खात्याच्या नाकावर टिच्चून सांगतो, आजही उतरवणार नाही.’’

मी किल्ली काढून घेतली आणि माझं काम सुरू केलं. मागच्या सीटला डाव्या बाजूला खळगा पडला होता. जुन्या स्प्रिंगांना पडतोच. त्याच बाजूची काच आतून धुरकट झाली होती, उकाडा होता. किल्ली माझ्या मुठीत असताना मीटर टिकटिकत होतं; जुनी मीटरं घड्याळासारखी चावी देऊन चालतात. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण होतं. शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग व्हायला हवा.

सीटखाली हात घालताना मनगट त्या खळग्याला लागलं. तो ऊबदार होता. ऊन उजवीकडून येत होतं.

‘‘रिकामी!’’ मी ओरडलो. आवाज नेहमीसारखा लागला नाही.

‘‘खोटं बोललात,’’ सासरे शांतपणे म्हणाले आणि बाजूला झाले.

क्रेनने गाडी उचलली. इंजिन पुढे असतं, त्यामुळे एकूण एक टॅक्सी नाक खाली घालून वर गेली होती. ही गेली ती पाठ खाली करून. मागचा डावा कोपरा सगळ्यात खाली लोंबत होता.

क्रेनवाल्याने केबिनमधून डोकं काढलं. ‘‘साहेब, नीट बघितलंत ना?’’

‘‘बघितलं.’’

‘‘मग हिला मागून कोण ओढतंय?’’

वर टांगलेल्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच खाली येऊ लागली. अडखळत, आतून कुणी हॅंडल फिरवावं तशी. अर्ध्यावर येऊन थांबली.

सासऱ्यांनी मान वर केली. ‘‘बाई, जरा दम धरा हं! सरकारी माणसं आहेत, त्यांना वेळ लागतो.’’

मी गाडी खाली घ्यायला लावली. जुनीच्या बदल्यात सासऱ्यांच्या वाट्याला आलेली नवी गाडी फाटकाशी उभी होती, पांढरी, आखूड, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली.

‘‘बाईंना त्यात बसवा आणि संपवा एकदाचं,’’ मी म्हणालो.

सासरे काचेशी वाकले. ऐकलं. मान हलवली.

‘‘नको म्हणतात. त्यात पाय मावत नाहीत. आणि त्या बसल्या तरी मी ती चालवणार नाही.’’

‘‘मग मी पोचवतो त्यांना!’’ मी भडकलो. ‘‘आता तरी उतरतील?’’

मागचं दार उघडलं. कुणीही हात लावला नव्हता.

गाडीची दबलेली पाठ हलकेच वर आली. स्प्रिंगा कुरकुरल्या.

मीटर थांबलं.

सासऱ्यांनी दांडी स्वतः वर केली. मग नव्या गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली.

‘‘शब्द तुम्ही दिलात. मोडलात तर तोंड दाखवू नका.’’

ते मागे न बघता चालत फाटकाबाहेर गेले. त्यांची टॅक्सी नाक खाली घालून वर गेली. या खेपेला ओरडायची गरज पडली नाही.

नवी गाडी मी कार्यालयात परत करायला निघालो. शब्द वगैरे ठीक आहे, पण पोचवायचं कुणाला? इंजिन सुरू केलं, तर घंटी वाजू लागली. समोर लाल दिवा होता: मागच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला नाही.

नव्या गाड्या. काहीतरी बिघडलेलंच असतं.

मोठ्या साहेबांचा फोन आला. ‘‘सासऱ्यांनी गाडी नाकारली ना? आत्ताच्या आत्ता इथे आणून उभी करा. तुम्ही घरी जा.’’

मी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. डावी काच आतून धुरकट होत चालली होती.

‘‘नाही आणत,’’ मी म्हणालो.

‘‘काय?’’

‘‘नोकरी घ्या हवी तर. गाडी रिकामी नाही.’’

मागे खट्‌कन पट्टा लागला. घंटी थांबली.