तीन फुटांखालची माती

माझं काम साधं आहे. नगरपालिकेसाठी मी मातीचे नमुने घेते, तपासते आणि अहवालावर सही करते. त्या दुपारीही तेवढ्यासाठीच गेले होते. रंगाच्या जुन्या कारखान्याचं जतन करून संग्रहालय झालं होतं, आणि मागच्या अंगणात सोमवारपासून बालवाडी भरणार होती. माझ्या धाकट्या बहिणीची लेक तिथेच जाणार होती.

निधी दोन कामांसाठी आला होता, इमारत जपायला आणि विषारी माती उपसायला. इमारत छान नटवली होती. मातीवर मात्र फूटभर लाल माती पसरून हिरवळ लावली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा! नमुने वरवरचेच घ्या, वर्ष संपतंय, निधी परत जाईल, असं आमच्या खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. माझं डोकंच फिरलं. माती काढायचं लांब गिरमीट मी तीन फूट खाली घालायचं ठरवलं.

अंगणाला चारही बाजूंनी उंच भिंती. भर दुपारी तिथे दिवेलागणीसारखा उजेड होता आणि बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. पहिला फूट गिरमीट सहज उतरलं. दुसऱ्या फुटाला माती निळी लागली, घशात बसणारा उग्र वास आला. तिसऱ्या फुटाला मी दम खायला हात काढले, तरी गिरमीट फिरतच राहिलं... सावकाश, उलटं. खालून कुणीतरी ते परत वर देत होतं.

मी झटकन मागे वळले. मागे म्हातारा रखवालदार येऊन उभा होता. पूर्वी तो इथेच रंगाच्या हौदांवर कामाला होता.

"घाबरू नका ताई," तो हळूच म्हणाला. "आमचीच माणसं आहेत... खालची."

त्याने सांगितलं, हौदात उतरणारे ते अकराजण होते. एकानेही पन्नाशी पाहिली नाही. दर्शनी भिंतीवर मालकाचं नाव नव्याने कोरलं होतं, या अकरांचं नाव कुठेच नव्हतं. ऐकताना भीतीपेक्षा संतापच जास्त आला.

मी सात बाटल्या भरल्या. सहा साहेबांच्या टेबलावर आपटल्या, एक पर्समध्ये ठेवली. साहेब गोड हसले, तुम्ही दमलात, मी बघतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सहा सीलबंद बाटल्या होत्या. चिठ्ठ्या साहेबांच्या अक्षरात, सही त्यांची, आत मऊ काळी माती. तिसऱ्या मजल्यावर साहेबांच्या खोलीत मोठी कुंडी आहे. जाऊन पाहिलं तर तिच्यात हातभर खड्डा होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी ही माणसं! बहिणीच्या पोरीला त्या विषात खेळवायला निघाली होती.

चोरी पकडायची म्हणूनच मी ती माती तपासली. नंतर पर्समधली तपासली. मग दोन्ही पुन्हा तपासल्या. तेच विष होतं, आकडे तंतोतंत तेच. त्या कुंडीतली माती रोपवाटिकेतून आली होती, मी स्वतः पावती पाहिली.

साहेबांच्याच सहीचे नमुने, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. मी अहवालावर सही केली आणि प्रत थेट बालवाडीच्या बाईंना नेऊन दिली. बालवाडी थांबली. बहीण फोनवर रडली.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर साहेब माझ्या खोलीत आले. ओरडतील असं वाटलं होतं. ते समोर बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला.

"माती काढायला हात घातला ना मी..." ते म्हणाले. "आतून कुणीतरी धरला. अजून सोडलेला नाही."

हात माझ्यासमोरच होता. पाचही बोटं मोकळी होती. पण पाहता पाहता तो टेबलाच्या कडेकडे सरकू लागला, आणि साहेब दुसऱ्या हाताने तो मागे ओढत होते.