ओळीला बारा थांबे

साहेब, चूक तुमची आहे. पुठ्ठ्याला भोक तुम्ही पाडलंत, त्यामागं जिवंत माणूस तुम्ही बसवलात, आणि दोष लावलात अनसूयेच्या डोळ्यांना!

सन चौसष्टचा श्रावण. धारवाडात बारीक पाऊस धरलेला. मास्तरकीच्या कॉलेजात प्रवेश मागायला अनसूया हुबळीहून एकटी आली, भिजलेली. खोलीत कुणी दिसेना. टेबलावर उभा पुठ्ठा, त्यावर मराठी धडा. ती सहज वाचायला लागली... आणि पुठ्ठ्याच्या मधोमध, हरभऱ्याएवढ्या भोकात, एक डोळा लवला.

"अगं बाई!"

"घाबरू नका अक्का. भूत नाही, शंकर आहे. साहेबांचा मदतनीस."

"अक्का कुणाला म्हणता? तुमच्याहून लहान असेन मी."

"एवढ्याशा भोकातून वय दिसतंय होय? डोळे तेवढे दिसतात."

"मग तेवढेच बघा. जास्त नको."

शंकर अळणावरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. त्यानं समजावलं, "वाचताना डोळा ओळीवरनं सरळ सरकत नाही बघा. उडी मारतो, थांबतो, परत उडी. ते थांबे मी मोजायचे. तीन वेळा वाचन, पंधरा-पंधरा दिवसांनी. ओळीला सहा थांबे चालतात. जास्त झाले तर मंद वाचक. मंद वाचकाला मास्तरकी नाही."

अनसूयेचे अप्पा परशुराम हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हातगाडी ओढायचे. घर बुद्धाला शरण गेलं त्या वर्षी त्यांनी पोरीला शपथ घातली होती, "मी गाडी ओढली. तू फळ्यावर रेघ ओढ." आता ती रेघ एका भोकाच्या हातात!

आणि आडून बघणारे डोळे तिला नवे नव्हते. लहानपणी पाणवठ्यावर घागर कुठं टेकते ते दारांच्या फटींतून मोजणारे डोळे होतेच की. त्या डोळ्यांना ती अजून भ्यायची. पण हा डोळा... हा तिच्यासाठी थांबायचा. ती अडखळली की हळूच मिटायचा, जणू म्हणायचा, सावकाश. त्याची भीती निराळी. तो दिसला नाही तर काय, ही भीती.

दुसऱ्या वाचनानंतर व्हरांड्यात कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. शंकर खांबाआड उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

"बारा पडले."

"मी... शब्दांवर अडखळते?"

"शब्दांवर नाही हो. भोकावर थांबता तुम्ही. दर ओळीला."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग तसंच लिहा."

"तसं लिहिलं तर साहेब विचारतील, का थांबते? गावभर होईल. तुमच्या अप्पांच्या कानावर जाईल. माझ्या घरचे तर मला दारात उभं करणार नाहीत... मी सहाच लिहितो."

"खोट्या आकड्यावर मला मास्तरीण व्हायचं नाही."

"एवढं भिता, आणि वर एवढा ताठा!"

"भिते म्हणूनच ताठ उभी आहे. वाकले तर पडेन."

तिसऱ्या वाचनाला शंकर पुठ्ठ्यामागं, आणि टेबलापाशी तुम्ही स्वतः बसलात, साहेब. आधीच्या वाचनांचा कागद पाहिलात आणि लाल शाईनं शेरा मारलात: बारा थांबे. मंद. नालायक.

अनसूया पुढं झाली, टेबलावरचा खडू उचलला, आणि भोकात कोंबला.

"हे काय? आता थांबे मोजायचे कसे?" तुम्ही ओरडलात.

"कानांनी मोजा, साहेब."

आणि तिनं वाचलं. अख्खा धडा, खणखणीत, एकदाही न अडता. आवाज कापत होता, शब्द नाही. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"मी शब्दांवर थांबत नव्हते. माणसावर थांबत होते. लिहा तसं."

मग खुर्ची सरकली. शंकर पुठ्ठ्यामागून बाहेर आला. महिनाभर एक डोळा मिटून बघणाऱ्यानं पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांनी, समोरून, तिच्याकडं पाहिलं. मग तुमच्याकडं वळला.

"साहेब, आकडा माझाच खोटा आहे. ती थांबली की मी मोजायचं विसरायचो. पुढचं सगळं अंदाजानं लिहिलंय. नोकरी घ्यायची तर घ्या. ही जिथं शिकवेल त्या गावात मी कायबी काम करीन... तिची ना नसेल तर."

अनसूयेची नजर त्याच्यावर थांबली. तो थांबा मोजायला कुणी नव्हतं.

मग तिनं लाल शेऱ्याचा कागद तुमच्यापुढं सरकवला.

"त्यांनी तर सांगितलं. तुमचं काय? हा शेरा खोडताय? हौदो, अल्लो? होय की नाही? बोला, साहेब!"